नाव डीव्हिलबिसचं, काच कुणाची?

सध्या एक मजकूर बराच फिरतोय: ‘रबरी फुगा दाबून सेंट उडवायची काचेची बाटली 1880 च्या दशकात अमेरिकेच्या डॉ. डीव्हिलबिस यांनी शोधली. त्यांच्याच कारखान्यात ती रंगीत काच घडली. डीव्हिलबिसची प्रत्येक बाटली म्हणजे व्हिक्टोरियन ठेवा.’ जुन्या काचेवर माझा जीव आहे, म्हणून हे तसंच पुढे जाऊ द्यायला मन होत नाही.

आधी शोधाचं बघू. ओहायोतल्या टोलेडोचे ॲलन डीव्हिलबिस हे डॉक्टर. त्यांचा फवारा रुग्णाच्या घशात औषध पोचवण्यासाठी होता, सुगंधासाठी नव्हे. शिवाय फवाऱ्याची कल्पनाही त्यांची नव्हती. साल-जिरों या फ्रेंच डॉक्टरांनी 1858 मध्येच औषधी पाण्याचे तुषार करणारं यंत्र पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे मांडलं होतं. आणि खोलीत सुगंध उडवणाऱ्या, दाबावर चालणाऱ्या आपल्या कारंज्याबद्दल ब्रिया-साव्हारँ हा खवय्या न्यायाधीश त्याहीआधी, 1825 मध्ये, लिहून गेलाय.

‘व्हिक्टोरियन’ हा शब्द तर साध्या हिशेबातच अडकतो. राणी व्हिक्टोरिया वारली 1901 मध्ये. डॉक्टरांचा मुलगा थॉमस याने कंपनीला सेंटच्या बाटल्यांकडे वळवलं ते 1907 च्या सुमारास. राणीच्या काळात असे फवारे विकले जात, पण ते दुसऱ्यांचे. बुडावर ‘चेकोस्लोव्हाकिया’ असा शिक्का असलेल्या बाटल्याही ‘व्हिक्टोरियन’ म्हणून खपवल्या जातात. तो देशच मुळी 1918 मध्ये जन्मला!

कुणी म्हणतं, ही तर आपली गुलाबदाणी. नाही. गुलाबदाणी झटकली की भोकांतून थेंब पडतात. इथे फुगा दाबल्यावर हवेचा झोत बारीक नळीच्या तोंडावरून जातो, तिथला दाब घटतो, खालचा द्रव नळीतून वर चढतो आणि झोतात फुटून त्याचे तुषार होतात.

मला सगळ्यात जास्त लागतं ते काचेबद्दलचं. डीव्हिलबिस कंपनी काच बनवत नव्हती. ती बाटल्या विकत घ्यायची, त्यांवर सोनेरी मुलामा किंवा मीनाकाम करायची आणि वर धातूचं तोंड, नळी, फुगा बसवायची. काच यायची स्टुबेन, केंब्रिज, पुढे फेंटन अशा अमेरिकी कारखान्यांतून. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंगचा स्टुबेन कारखाना 1903 मध्ये उभा राहिला, त्यामागे फ्रेडरिक कार्डर हा इंग्लंडहून आलेला काचकलावंत होता. त्याची ‘ऑरीन’ काच उन्हात धरली की सोन्यावर निळी-जांभळी झाक फिरते. हा रंग मागाहून लावलेला नाही. काच तापलेली असतानाच तिच्यावर धातूच्या क्षारांचा फवारा मारत, त्यातून ती झळाळी उमटे. अशा बाटलीच्या बुडावर सोनेरी अक्षरांत ‘डीव्हिलबिस’ असेल, तर ते जोडणाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं नाव आहे. भट्टीपुढे उभं राहून ती काच घडवणारे कॉर्निंगचे कारागीर होते.