पहिल्या आठवड्याचा आकडा आणि त्यानंतरची शांतता

‘जुने रॉक बँड पुन्हा एकत्र आले तरी त्यांचा नवा अल्बम आता कोणी विकत घेत नाही’ हे एका लेखातलं विधान सरसकट पटलं नाही. अमेरिकन रॉक बँड ईगल्सनी 2007 मध्ये तब्बल 28 वर्षांनी स्टुडिओ अल्बम काढला. अमेरिकेत दुकानांत तो सुरुवातीला जवळपास फक्त वॉलमार्ट या दुकानसाखळीकडेच होता, तरी पहिल्याच आठवड्यात 7 लाखांवर प्रती खपल्या. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडला तर अमेरिकेत अल्बमच्या यादीत पहिला क्रमांक आयुष्यात पहिल्यांदा मिळाला तो 2013 मध्ये, मूळ गायक ऑझी ऑस्बर्न परतल्यावर.

पण खरी गोम पुढे आहे. घेणारे पहिल्या आठवड्यात घेऊन मोकळे होतात, नंतर सगळं शांत. मैफलीत गायकाने ‘आता नव्या अल्बममधलं...’ म्हटलं की निम्मी गर्दी उठून पाय मोकळे करायला जाते. (मीही गेलोय, खोटं कशाला बोलू!) द पोलिस या ब्रिटिश रॉक बँडने हे बरोबर ओळखलं. 2007-08 मध्ये पुन्हा एकत्र येऊन जगभर दौरा केला, नवा अल्बम काढायच्या भानगडीत पडलेच नाहीत.

तरी सॅबथचा तो 2013 चा अल्बम एकदा शेवटपर्यंत ऐकाच. अखेरीस पाऊस, गडगडाट आणि घंटा. 1970 च्या त्यांच्या पहिल्या अल्बमची सुरुवात याच आवाजांनी झाली होती. त्यांचा मूळ ड्रमर बिल वॉर्ड 2013 च्या अल्बमवर नाही, हे मात्र मला अजून खुपतं.