बॉल आसा?

गेल्या रविवारी करंझाळ्यातल्या एका इमारतीच्या फाटकात माझ्या आठ वर्षांच्या मुलाच्या सॅकची झडती झाली. पाण्याची बाटली, अर्धं खाल्लेलं बिस्किटाचं पाकीट, दुसऱ्याच कुणाचं तरी खोडरबर आणि अगदी तळाशी टेनिसचा एक टक्कल पडलेला चेंडू. चेंडू निघाला आणि फ्लॅट गेला.

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत होतं, 'ओन्ली फॅमिली'. पणजीत भाड्याचं घर शोधायला लागल्यापासून या दोन शब्दांचा अर्थ मला हप्त्याहप्त्याने कळतो आहे. ओन्ली फॅमिली म्हणजे बॅचलर नकोत. रात्री दोनला गिटार नको, भाड्याच्या स्कूटरी नकोत. पण फॅमिलीत मूल असतं आणि ते जिन्यावरून पायऱ्या गाळत उतरतं, हे कुणी गृहीतच धरलेलं नसतं. यांना बिल्डरच्या ब्रोशरवरची फॅमिली हवी असते. चौघं एका सोफ्यावर, चौघांचेही पाय जमिनीला टेकलेले.

तर झडती घेणारे काका. ते मालक नव्हते. सेक्रेटरीही नव्हते. "आशिल्लों," म्हणाले, म्हणजे होतो. कधी, ते सांगितलं नाही. मालक इंग्लंडात, स्विंडनला. पोर्तुगीज पासपोर्टावर गेलेल्या गोंयकारांची तिथे मोठी वस्ती आहे, आणि त्यांच्या इथल्या बंद फ्लॅटांच्या चाव्या अशाच कुणाच्या तरी तळमजल्यावरच्या खिळ्याला लटकत असतात. एजंटाने आधीच बजावलं होतं, "मॅडम, काकांशी जरा नीट बोला." तो स्वतः स्कूटरवरून उतरलाच नाही, इंजिनही बंद केलं नाही. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

काका व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. गंजीफ्रॉक, अर्धी चड्डी, मांडीवर वर्तमानपत्र.

"तुमी खंयचीं?"

"पुण्याची."

"हं." त्या एका हुंकारात त्यांनी अख्खा घाट उतरवला.

"भुरगीं कितलीं?" म्हणजे मुलं किती.

"एक."

"बॉल आसा?"

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. नोकरी कुठे, पगार किती, नवरा कुठाय, मासे शिजवता का, या सगळ्यांची उत्तरं पुण्या-मुंबईच्या सवयीने पाठ होती. मासे विचारायचं तर इथे कारणच नाही. बांगड्याचा वास आला नाही तरच शेजारी चौकशी करतील. पण चेंडू?

"नाही," मी म्हटलं. आणि ज्याला खरं बोलायला शिकवण्यात मी आठ वर्षं घालवली, तो म्हणाला, "आहे."

पुढचं मघाशी सांगितलंच. काकांनी चेंडू हातात घेतला, दाबून पाहिला, नाकाशी धरला. मग माझ्याशी मराठीत बोलू लागले, गंभीरपणे, डॉक्टर रिपोर्ट समजावून सांगतात तसे. प्लास्टिकचा चालतो, तो हलका. रबरी चालवून घेता येतो. टेनिसचा सगळ्यांत वाईट, कारण तो पाणी पितो. जून ते सप्टेंबर तो ओला असतो आणि भिंतीवर आपटला की शिक्का उमटतो. "या," म्हणाले आणि मला कंपाउंडच्या भिंतीशी घेऊन गेले. भिंतीवर खरोखरच शिक्के होते. गोल, मातकट, एकमेकांवर चढलेले. एकेका शिक्क्याचा मालक काकांना ठाऊक होता. "हो दुसऱ्या माळ्यावरचो. आता इंजिनियर आहे, दुबईला." डाग आहे तो आहेच.

खोलीत नेऊन त्यांनी ड्रॉवर उघडला. त्यात चेंडू होते. मी मोजले, अकरा. प्रत्येकावर मार्करने तारीख. आतून घडीच्या कपड्यांना येतो तसा कुबट वास आला. माझा मुलगा ड्रॉवरकडे अशा नजरेने बघत होता की त्याला तिथून हलवायला मला दंड धरावा लागला.

मी निघालेच असते. पण भिंतीवर त्या गोल शिक्क्यांच्या खाली मला पेन्सिलीच्या आडव्या रेघा दिसल्या होत्या. घोट्याएवढ्या उंचीला तीन, गुडघ्याच्या जरा खाली एक. मी विचारलं, या कसल्या? आणि काका खुलले.

त्या पाण्याच्या रेघा होत्या. ही माहिती मी पाच आठवडे एजंटांकडे मागत होते. एजंटाचं उत्तर ठरलेलं, "मॅडम, आपल्याकडे पाणी भरत नाही." 'आपल्याकडे' म्हणजे त्याच्या घरी, कळंगुटला.

काकांनी सांगितलं ते असं. पणजीत पाणी नुसत्या पावसाने भरत नाही. गटारं शेवटी मांडवीला जातात, आणि मांडवीला इथे भरती-ओहोटी आहे. दिवसातून दोनदा भरती, दोन भरत्यांत साधारण साडेबारा तासांचं अंतर, आणि रोज ती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. उधाणाची भरती आणि मोठी सर एकाच वेळी आली की गटाराचं तोंड नदीच्या पाण्याखाली जातं, मग पाणी बाहेर पडायचं सोडून उलटं शहरात येतं. मळा नावाची वस्ती, १८ जून रस्त्याचा सखल भाग आणि सांतिनेजच्या खाडीलगतच्या गल्ल्या पहिल्या बुडतात. ती खाडी ताळगावाकडून येते, वाटेत अख्ख्या सांतिनेजचा कचरा गिळते आणि मग तुंबते. तेव्हा घर बघायला जायचं ते अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, जुलैत, भर दुपारच्या भरतीला. जानेवारीतल्या संध्याकाळी प्रत्येक घर चांगलंच दिसतं.

"आणि बाय, वॉचमनला विचारू नका पाणी भरतं का. विचारा, पावसात स्कूटर कुठे लावता."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. आधीच्या पाच आठवड्यांत लिहिण्याजोगं कुणी काही बोललं नव्हतं.

मग त्यांनी खुर्चीतच बसून शहराची नाडी पाहिली. आल्तिनो: टेकडी, कोरडं, झाडं भरपूर, पण विसरलेली कोथिंबीर आणायला उतार आणि परत चढ. फोंतान्याश: खिडकी उघडली की समोर लग्नाआधीच्या फोटोंसाठी नटलेलं जोडपं, आणि तुमची भिंत पिवळी असेल तर तुम्हालाच म्हणणार, जरा आत व्हा. पार्किंगचं नाव काढू नये. मिरामार: सकाळी स्वर्ग, शनिवारी संध्याकाळी जत्रा. रायबंदर: घरं ऐसपैस, पण येण्याजाण्याला तो कॉजवे, पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बैलगाड्यांसाठी बांधलेला, आणि आता त्यावर बस आणि बस समोरासमोर. पर्वरी: भाडं जरा कमी, हवा बरी, पाणी आसनोड्याहून येतं आणि मे महिन्यात येतंच असं नाही. शिवाय मधे मांडवी. अटल सेतूवर दुचाकी नेता येत नाही, म्हणजे स्कूटरवाल्यांनी जुन्याच पुलांवर एकमेकांचा धूर खायचा.

"आणि करंझाळें?" मी विचारलं.

"करंझाळें उत्तम," काका म्हणाले. "फक्त भुरगीं नाकात." म्हणजे मुलं नकोत.

मला इथेच खरी चीड आली. मुलांसाठी चांगला भाग कसा ओळखावा हे या माणसाइतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. पावसात क्वचितच बुडणारा रस्ता, शाळेच्या बसला वळायला जागा, चालत जाता येईल असं वाळूचं मैदान, सकाळी सायकलचा भोंगा वाजवत पाव घेऊन येणारा पोदेर, सगळं त्यांनी बोटावर मोजून दाखवलं. त्यांनी वर्णन केलेला भाग तंतोतंत तो होता जिथे आम्ही उभे होतो. आणि तो त्यांना मुलांशिवाय हवा होता.

शाळेचं तर आणखीच. पणजीतल्या कित्येक शाळा आता बांबोळीजवळ कुजिऱ्याच्या संकुलात गेल्या आहेत. म्हणजे शाळेच्या जवळ घर या जुन्या हिशेबाला अर्थ नाही. हिशेब करायचा तो सकाळी सव्वासातचा. त्या वेळेला तुमच्या नाक्यावर पिवळी बालरथ बस किंवा खाजगी व्हॅन थांबते का, आणि ती तिथून आधी मुलं भरायला उलटी जाते की सरळ शाळेला, हे पाहायचं. उलटी जात असेल तर मूल पावणेसातला घराबाहेर, आणि आई सहालाच जागी. शाळा दीडच्या सुमारास सुटते. मग दीड ते साडेसहा ते मूल चेंडूशिवाय काय करणार, याचं उत्तर काकांकडे नव्हतं. "वाचूं दी," म्हणाले.

फ्लॅट मात्र त्यांनी दाखवला, बहुधा शिक्षा म्हणून. आणि तिथे मीही मागे राहिले नाही. एवढी घरं बघून बघून माझाही हात बसला आहे. पहिलं म्हणजे नैऋत्येची खिडकी. पावसाची झड तिकडूनच येते. छज्जा वीतभरच असेल तर सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीतली भोकं बघायची. ती धुळीने बुजली असली की पाणी बाहेर न जाता आत, थेट गादीवर. मग कपाट उघडून डोकं आत घालायचं आणि श्वास घ्यायचा. ताज्या रंगाचा वास भिंतीला असतो, बुरशीचा कपाटाला, आणि कपाट खोटं बोलत नाही. बाल्कनीत उभं राहून वरच्या मजल्याच्या बाल्कनीचं पोट बघायचं. खाऱ्या हवेने आतली सळी गंजते, गंजलेलं लोखंड फुगून मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागतं आणि खालचं काँक्रीट ढकलून देतं. तिथे तपकिरी रेघ दिसली की खाली मूल उभं करायचं नाही.

शेवटी बादली. चौघांच्या घराला माणशी १३५ लिटर धरले तर रोजचे ५४० लिटर. नळ ओपाच्या जलप्रकल्पाचं पाणी देतो तो दिवसातून काही तासच, बाकी सगळी मदार गच्चीवरच्या टाकीवर. टाकी ५०० लिटरची असेल आणि तीही शेजाऱ्यांबरोबर वाटून, तर मे महिन्यात तुम्ही टँकरवाल्याचे नातेवाईक होता. मी पंधरा लिटरची बादली नळाखाली लावली आणि घड्याळ बघत बसले. सव्वादोन मिनिटं. काका म्हणाले, "हांगां बरें आसा." हेही खरंच होतं. घर चांगलं होतं, हाच त्रास होता.

भाडं सांगितलं ४५,०००. डिपॉझिट तीन महिन्यांचं, एजंटाला एक महिन्याचं. करार ११ महिन्यांचा, कारण वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आणि नोंदणी म्हटली की खर्च. ते सगळीकडेच असतं. इथली मेख निराळी. स्विंडनहून व्हॉट्सॅपवर मालकांनी प्रेमाने कळवलं की करार जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू करू. मी बोटं मोजली. ११ महिन्यांतून गळणारा बारावा महिना नेमका डिसेंबर. नाताळ, मग एकतीस तारीख. तेवढ्या दिवसांत दिवसाच्या भाड्यावर हाच फ्लॅट पाहुण्यांना जातो. आणि ती फॅमिली? ती महिनाभर पुण्याला आजीकडे जाईल, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. मुलाची शाळा डिसेंबरात तेवीस-चोवीस तारखेपर्यंत असते, हे स्विंडनला कोण सांगणार? रात्री दोनच्या गिटारीला, भाड्याच्या स्कूटरीला त्या महिन्यात हरकत नसते. हरकत आहे ती आठ वर्षांच्या मुलाच्या सॅकला.

हे मी काकांना बोलून दाखवलं, जरा चढ्या आवाजात. ते म्हणाले, पाहुणे बॉल आणत नाहीत. बाटल्या आणतात, त्या भंगारवाला घेतो.

चेंडू परत मागितला तर नियम आड आला. आवारात सापडलेला चेंडू ड्रॉवरमध्ये जातो. मी म्हटलं, सापडला नाही, सॅकेतून काढलात. त्यावर त्यांनी जरा विचार केला आणि पावती दिली. अगदी रीतसर, कार्बन लावून. 'टेनिस बॉल, नग १, वापरलेला.' खाली तारीख आणि सही. पावतीच्या पाठीवर मात्र त्यांनी आपणहून पेन्सिलीने लिहून दिलं: येत्या गुरुवारी अमावास्या, दुपारी बाराच्या सुमाराला भरती. ताळगावातली जी दुसरी इमारत एजंट दाखवणार आहे, तिथे त्या वेळेला जा. स्कूटर कुठे लावतात ते बघा.

एजंट म्हणतो गुरुवारी जमणार नाही, रविवारी या, रविवारी उजेड छान असतो. मी त्याला पावतीची मागची बाजू दाखवली. तो जरा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "मॅडम, हे तुम्हाला कुणी दिलं?"

मुलाला पावतीची पुढची बाजू हवी आहे. त्याने ती तारखेसकट पाठ केली आहे.