हसवणारं गाणं टिकतंच

विनोदी गाणं ऐकताना मजा येते, पण ते मनात टिकत नाही, हे एका लेखात वाचलेलं विधान मला अजिबात पटलं नाही. पैठणच्या एकनाथांची भारुडं सोळाव्या शतकातली आहेत, आणि आजही ती सुरू झाली की मंडळी सरसावून बसतात.

'सत्वर पाव गे मला' घ्या. सून भवानीआईला रोडग्याचा नवस बोलते. मागते काय, तर सासरा, सासू, जाऊ यांची एकेक करून वासलात लाव! त्यात नणंदेच्या किरकिऱ्या पोराला मात्र फक्त खरूज हवी. काय नेमकी नजर आहे ही! मोठ्या मागण्यांच्या रांगेत एक क्षुल्लक मागणी घुसवली की हशा पिकणारच. नवऱ्याचीही गय नाही. आणि शेवटी 'एकलीच राहू दे मला' येतं, तेव्हा हसणाऱ्याला कळतं की ही सासुरवाशिणीची कुरकुर नव्हे, संसाराच्या पाशातून सुटू पाहणाऱ्या जिवाची हाक आहे. हेच कोरड्या उपदेशात सांगितलं असतं, तर बायाबापड्यांनी ते इतकी वर्षं तोंडपाठ ठेवलं असतं का? गीतकारांच्या कार्यशाळांत वृत्त, यमक शिकवताना हे भारूडही कडव्यागणिक उलगडून दाखवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.