दलालाशिवाय विश्वचषकाचे तिकीट मिळत नाही, हे खरे नाही

फुटबॉल विश्वचषकाच्या तिकिटांविषयीचा एक संदेश व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवर सारखा फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे: फिफाच्या संकेतस्थळावरची सोडत हा निव्वळ देखावा असून सगळी तिकिटे प्रायोजक आणि यजमान देशांतले लोक आधीच घेऊन जातात, तरीही प्रयत्न करायचा असेल तर विक्री उघडताच पहिल्या मिनिटाला, चार-पाच नावांनी अर्ज भरावेत, खात्रीचे तिकीट दलालाकडेच मिळते, कारण दलालांचा ‘कोटा’ ठरलेला असतो, तिकीट हाती आले की व्हिसा आपोआप मिळतो, आणि काहीच जमले नाही तर सामन्याच्या दिवशी मैदानावर जावे, तेथे तिकिटे मिळतातच. हा संदेश मला वेगवेगळ्या पाच जणांनी पाठवला आणि त्यांतले दोघे दलालाला आगाऊ रक्कम देण्याच्या बेतात होते. त्यामुळे त्यातल्या एकेका विधानाचा समाचार घेणे मला आवश्यक वाटते.

सोडत हा देखावा आहे, या विधानापासून सुरुवात करू. 2026 ची स्पर्धा 11 जून ते 19 जुलै या काळातली; 48 संघ, 104 सामने, आणि अमेरिका, कॅनडा व मेक्सिको या तीन देशांतली 16 शहरे. तिची तिकिटे एकदम विक्रीला काढली गेली नाहीत, टप्प्याटप्प्याने काढली गेली. पहिल्या टप्प्यात, 10 ते 19 सप्टेंबर 2025 या दहा दिवसांत, फक्त ‘व्हिसा’ कंपनीचे बँक कार्ड असलेल्यांना अर्ज करता येत होता, आणि तेवढ्यातच 45 लाखांहून अधिक अर्ज आले. त्या टप्प्यातून 10 लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली आणि ती घेणारे लोक 212 देशांतले आणि प्रदेशांतले होते. खरेदीत सर्वांत पुढे तिन्ही यजमान देश होते, हे खरे आहे. दुसऱ्या टप्प्यात त्यांच्या रहिवाशांसाठी वेगळी संधीही राखून ठेवलेली होती. परंतु यजमानांना झुकते माप मिळणे वेगळे आणि बाकीच्यांना दार बंद असणे वेगळे. इंग्लंड, जर्मनी, ब्राझील, स्पेन, कोलंबिया, अर्जेंटिना आणि फ्रान्स या देशांतल्या चाहत्यांनी त्याच दारातून तिकिटे घेतली.

मग इतक्या लोकांच्या पदरी निराशा का पडते? याचे उत्तर साध्या भागाकारात आहे. संपूर्ण स्पर्धेच्या जागा साठ-सत्तर लाखांच्या घरातल्या, आणि 11 डिसेंबर 2025 ते 13 जानेवारी 2026 या तिसऱ्या टप्प्यात आलेल्या मागण्या 50 कोटींहून अधिक. युरोपच्या 2024 च्या फुटबॉल स्पर्धेतही (युरो 2024) हेच घडले होते: पहिल्या टप्प्यात 12 लाख तिकिटे आणि मागण्या 2 कोटींच्या वर. अशा सोडतीत नाव न येणे हे कुणाच्या कारस्थानाचे लक्षण नाही. शिवाय मागणी सगळ्या सामन्यांवर सारखी पसरत नाही. तिसऱ्या टप्प्यात सर्वाधिक मागणी आली ती मायामीत 27 जूनला ठरलेल्या कोलंबिया-पोर्तुगाल या गटसाखळीतल्या सामन्यासाठी. ज्याने फक्त असे दोन-तीन सामने निवडले त्याची संधी नगण्य होती. ज्याने कमी चर्चेतल्या संघांचे सामने किंवा बाद फेरीचा पहिला टप्पा निवडला त्याची संधी निश्चितच बरी होती. संदेश लिहिणाऱ्याने हे सांगितले असते तर कितीतरी जणांना उपयोग झाला असता.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण ‘सोडत लागली तरी तिकीट दिले नाही’ ही तक्रार त्यातूनच येते. सगळ्या टप्प्यांची रीत एकसारखी नव्हती. पहिल्या टप्प्यात नाव निघणे म्हणजे तिकीट मिळणे नव्हते. ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी खात्यात शिरून खरेदी करण्याची ती संधी होती, आणि आपली वेळ येईपर्यंत हवा तो सामना संपलेला असणे सहज शक्य होते. तिसऱ्या टप्प्यात नेमके उलटे होते. तेथे सामना, श्रेणी आणि तिकिटांची संख्या अर्जातच भरायची होती, आणि नाव निघाले की पैसे कार्डावरून परस्पर वळते होणार होते. ज्यांनी हौसेने दहा सामन्यांवर खूण केली त्यांनी त्या दहाही सामन्यांचे पैसे खात्यात तयार ठेवायला हवे होते.

पहिल्या मिनिटाला अर्ज करा, हा सल्ला सोडतीच्या टप्प्यांपुरता पूर्णपणे निरुपयोगी आहे. अर्जाची मुदत उघडल्यावर पहिल्या तासात केलेला अर्ज आणि शेवटच्या दिवशी केलेला अर्ज यांत सोडतीच्या दृष्टीने काहीही फरक नसतो, असे फिफाने स्वतः स्पष्ट केलेले आहे. पहिल्या दिवशी संकेतस्थळावर जी लांबच लांब रांग दिसते ती केवळ आत शिरण्याची रांग असते. तिच्यातला क्रमांक सोडतीत धरला जात नाही. रात्रभर जागून त्या पानावरच्या मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या पट्टीकडे डोळे लावून बसलेल्या माणसांची मला खरोखर कणव येते, कारण तीन दिवसांनी शांतपणे अर्ज भरला असता तर त्यांचे काहीही बिघडले नसते. हा सल्ला लागू पडतो तो फक्त शेवटच्या टप्प्याला, कारण तेथे सोडत नसून जो आधी येईल त्याला आधी तिकीट, असा नियम ठेवला गेला. चार-पाच नावांनी अर्ज करण्याचा सल्ला तर थेट अंगलट येणारा आहे. एका कुटुंबाला एका सामन्याची जास्तीत जास्त 4 आणि संपूर्ण स्पर्धेची मिळून 40 तिकिटे, अशी मर्यादा होती. तीच मर्यादा चुकवण्यासाठी उघडलेली खाती उघडकीला आली की तिकिटे रद्द करण्याचा अधिकार आयोजकांनी नियमांतच राखून ठेवलेला असतो.

आता दलालांच्या ‘कोट्या’विषयी. संदेशातले सर्वांत घातक विधान हेच आहे आणि ते अर्धसत्यावर उभे असल्यामुळे अधिकच घातक आहे. अधिकृत संकेतस्थळाबाहेर तिकिटे अजिबात नसतात, असे मी म्हणणार नाही. दोन वाटा खरोखर असतात. पहिली वाट आदरातिथ्य पॅकेजची: त्यात उत्तम जागा, जेवण आणि इतर सोयी एकत्र विकल्या जातात. 2026 साठी हे काम ऑन लोकेशन या कंपनीकडे होते आणि तिने नेमलेले विक्रेतेही होते, परंतु ते पॅकेज विकतात, सुटे स्वस्त तिकीट नव्हे. दुसरी वाट खेळणाऱ्या देशांच्या फुटबॉल संघटनांची. प्रत्येक सामन्यात दोन्ही संघांच्या संघटनांना मैदानाच्या क्षमतेच्या 8-8 टक्के जागा आपल्या चाहत्यांसाठी मिळतात, आणि त्या कुणाला द्यायच्या याचे निकष ती संघटना ठरवते. इंग्लंडसारख्या देशात तर चाहत्याने यापूर्वी परदेशांतले किती सामने प्रत्यक्ष पाहिले याची नोंद ठेवून त्यानुसार प्राधान्य दिले जाते. वर्षानुवर्षे संघामागे हिंडलेल्या माणसांचा तो वाटा आहे.

या दोन्ही वाटांत ‘ओळखीच्या माणसाकडे शिल्लक असलेला कोटा’ कुठेही बसत नाही. मग दलाल काय विकतो? बहुतेक वेळा त्याच्या हाती काहीच नसते. तो आधी तुमची रक्कम घेतो, मग कुठल्यातरी फेरविक्रीच्या ठिकाणी तिकीट शोधतो, स्वस्त मिळाले तर देतो आणि महाग झाले तर फोन उचलणे बंद करतो.

माझ्या एका मित्राला अशाच एका माणसाने ‘तिकीट’ म्हणून चित्र पाठवले होते. मित्राने ते मला दाखवले आणि आम्ही ते मोठे करून पाहिले. वर स्पर्धेचे चिन्ह, खाली विभाग, रांग, आसन क्रमांक, आणि मधोमध काळ्या-पांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड. पाहताक्षणी विश्वास बसावा असेच ते होते. पण आसन क्रमांकाचे आकडे बाकीच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड होते आणि त्यांच्यामागची पार्श्वभूमी एक छटा फिकी होती, म्हणजे जुना क्रमांक पुसून तेथे नवा बसवलेला होता. ‘दुपारपर्यंत अर्धी रक्कम आली नाही तर दुसऱ्याला देतो’, असा निरोप सोबत होताच. मित्राने पैसे पाठवले नाहीत, हे त्याचे नशीब.

खरे म्हणजे आकडे हुबेहूब जुळले असते तरी ते चित्र निरुपयोगीच ठरले असते. मोठ्या स्पर्धांची तिकिटे आता मोबाइलमधल्या अधिकृत अ‍ॅपमध्येच असतात आणि खात्याशी बांधलेली असतात. युरोपच्या 2024 च्या स्पर्धेत तर क्यूआर कोड मैदानाजवळ पोहोचल्यावर ब्लूटूथच्या साहाय्यानेच सुरू होत असे. आठवडाभर आधी कुणी कोडचे चित्र पाठवत असेल, तर ते चित्र तिकीट नाही एवढे नक्की समजावे. तिकीट एकाच पद्धतीने हस्तांतरित होते: देणाऱ्याच्या अधिकृत खात्यातून घेणाऱ्याच्या अधिकृत खात्यात.

हातचे तिकीट विकायचे किंवा उशिरा घ्यायचे असेल तर त्यासाठीही अधिकृत फेरविक्रीची सोय असते. तिचे नियम मात्र स्पर्धेगणिक बदलतात आणि ते वाचूनच पाऊल टाकावे. युरोपच्या स्पर्धेत फेरविक्री मूळ किमतीलाच होत होती. 2026 च्या विश्वचषकासाठी फिफाने विक्रेत्याला किंमत ठरवण्याची मोकळीक दिली आणि वर विकणाऱ्याकडून 15 टक्के आणि घेणाऱ्याकडून 15 टक्के शुल्क लावले. मेक्सिकोतल्या चाहत्यांसाठी मात्र मूळ किमतीचे बंधन कायम राहिले. मला ही रचना मुळीच पटत नाही, कारण तिने काळाबाजार रोखण्याऐवजी त्यातला हिस्सा आयोजकांच्याच तिजोरीत वळवला आहे. तरीही तेथे घेतलेले तिकीट खरे असते आणि दारावर चालते, हा फरक लहान नाही.

व्हिसाविषयीचे विधान थोडक्यात निकालात काढता येते. तिकीट म्हणजे व्हिसा नव्हे, आणि तीन देश म्हणजे तीन वेगळे प्रवेशनियम. अमेरिकेने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलेल्या फिफा पास योजनेत फिफाकडून घेतलेल्या तिकिटाच्या आधारे मुलाखतीची तारीख लवकर मिळण्याची सोय होती. तारीख लवकर मिळते एवढेच. निर्णय पूर्वीप्रमाणेच वकिलातीतल्या अधिकाऱ्याचा असतो. दलालाकडून आलेल्या चित्राच्या आधारे तर तारीखही मिळणार नाही.

‘विश्वचषक आता श्रीमंतांचा झाला’, असे एक वाक्य त्या संदेशात जाता जाता येते, आणि ते मी खोडून काढू शकत नाही. 1994 साली याच अमेरिकेत झालेल्या विश्वचषकाची तिकिटे 25 ते 475 डॉलर होती. 2026 चे यजमानपद मागताना तिन्ही देशांनी सर्वांत स्वस्त तिकीट 21 डॉलरचे असेल असे कागदावर मांडले होते. प्रत्यक्षात मागणीनुसार किंमत बदलण्याची पद्धत आली, आणि डिसेंबर 2025 मध्ये राष्ट्रीय संघटनांच्या वाट्याचे दर समोर आले तेव्हा अंतिम सामन्याचे सर्वांत स्वस्त तिकीट 4,185 डॉलर आणि सर्वांत महाग 8,680 डॉलर होते. युरोपातल्या चाहत्यांच्या महासंघाने याला विश्वासघात म्हटले, आणि तो शब्द मला अतिशयोक्त वाटत नाही. ओरड झाल्यावर काही दिवसांतच फिफाने अंतिम सामन्यासह सर्व 104 सामन्यांसाठी 60 डॉलरची एक श्रेणी काढली, परंतु ती संघटनांच्या वाट्याच्या 10 टक्क्यांपुरतीच. 80,000 क्षमतेच्या मैदानात 8 टक्के म्हणजे 6,400, आणि त्यांचे 10 टक्के म्हणजे 640. एका संघाच्या साऱ्या चाहत्यांत 640 स्वस्त जागा. या विषयावर राग असणे रास्त आहे आणि तो व्यक्तही केला पाहिजे. पण त्या रागातून दलालाकडे जाणारा माणूस ही किंमत टाळत नाही. तो तीच किंमत भरतो, वर दलालाचा नफा भरतो आणि तिकीट खोटे निघण्याची जोखीमही स्वतःच पत्करतो.

राहिला सामन्याच्या दिवशी मैदानावर जाण्याचा सल्ला. 14 जुलै 2024 रोजी मायामीजवळच्या हार्ड रॉक स्टेडियमवर कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिका खंडाच्या फुटबॉल स्पर्धेचा अर्जेंटिना आणि कोलंबिया यांच्यातला अंतिम सामना होता. तिकीट नसलेले हजारो लोक ‘तेथे गेल्यावर काहीतरी होईल’ या भरवशावर दारांशी जमले, कठडे ओलांडून आत घुसले, आणि दारे बंद करावी लागली. उकाड्यात चेंगरलेल्या माणसांना, लहान मुलांना गर्दीतून बाहेर काढावे लागले आणि सामना 80 हून अधिक मिनिटे उशिरा सुरू झाला. अर्जेंटिनाने तो जादा वेळेत 1-0 असा जिंकला. त्या वेळी दाराबाहेर अशीही माणसे उभी होती, ज्यांनी महिनोन्महिने आधी रीतसर तिकीट घेतले होते, ज्यांच्या मोबाइलमध्ये खरा कोड होता आणि ज्यांना तो दाखवायला दारच उघडे मिळाले नाही.