पिक, टोन आणि ती मुलगी: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

गिटारचं पिक, म्हणजे तार छेडायचा तो छोटा तुकडा, आणि गिटार वाजवणारी अकरावीतली एक मुलगी यांच्याबद्दलच्या माझ्या मागच्या लेखावर 'जुना ऑर्केस्ट्रावाला' एवढीच सही करून तुम्ही जे लिहिलंत, ते मी दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: प्लॅस्टिकच्या तुकड्यावर एवढं लिहिण्यासारखं काही नसतं, टोन, म्हणजे आवाजाचा पोत, बोटांत असतो, 'डायर स्ट्रेट्स'चा गिटारवादक मार्क नॉफ्लर तर पिक वापरतच नाही. तुम्ही सिमकार्ड ज्यातून सुटं होतं त्या पट्टीतून पिक कापून गणपतीच्या स्टेजवर रात्री काढल्यात. आणि अकरावीतल्या त्या मुलीचं कौतुक करून मी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय, कारण हल्लीच्या पोरांकडे नुसता स्पीड आहे. शेवटी पुतण्यासाठी कोणतं पिक घ्यावं, हेही विचारलंय. त्याचंही उत्तर देतो.

आधी सिमकार्ड. त्या पट्टीची जाडी 0.76 मिलिमीटर असते. एटीएम कार्डाचीही तेवढीच, ते जगभर ठरलेलं माप आहे. आणि डनलॉप कंपनीचं पिवळं टॉर्टेक्स पिक असतं 0.73 मिलिमीटरचं. म्हणजे तुम्ही कात्रीने कापत होतात ते बाजारातल्या मीडियम पिकच्या जवळजवळ त्याच जाडीचं होतं. पाण्याची बाटली तर फुकट मिळत होती, मग ती का नाही कापलीत? तारेवर ती नुसती लुळी पडली असती, हे तुमच्या कानाला ठाऊक होतं. कापल्यावर कडा तारेत अडकू नये म्हणून ती तुम्ही घासलीही असणार. एवढं सगळं करणारा माणूस पिकला किंमत देत नाही, हे मला पटत नाही.

टोन बोटांत असतो हे मला मान्य आहे, पण बोट तारेपर्यंत पोचतं कशातून? पातळ पिक तारेला लागलं की आधी स्वतः वाकतं आणि मग सुटतं. त्याचा 'चट' असा आवाज तारेच्या आवाजात मिसळतो. स्ट्रमिंगला तो छान लागतो, सहा तारा एका झुळकीत निघतात. जाड पिक वाकत नाही. ते तारेला ढकलतं, आणि सुटल्यावर तारेचा मूळ सूर भरून येतो. टोकदार असेल तर आवाज स्वच्छ, चकचकीत. टोक गोल किंवा झिजलेलं असेल तर वरची धार कमी होते. पिक तिरपं धरलं की जाड तारांवर खरखर येते. ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर बांधलेल्या असतात तिथे, वाजवलं तर आवाज कडक, नेककडे, म्हणजे दांडीकडे, सरकलं तर मऊ. हे सगळं हातानेच करायचं असतं, पण हाताला त्यासाठी योग्य वस्तू लागते.

नॉफ्लरचं उदाहरण तर माझ्याच बाजूने बोलतं. त्याने पिक सोडलं आणि अंगठा व बोटांची कातडी निवडली. रॉक गिटारवादक जेफ बेकनेही पुढे पिक बाजूला ठेवलं. जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीचा तो गोल, भरीव आवाज अंगठ्याचा. 'क्वीन' बँडचा ब्रायन मे ब्रिटिश सिक्स्पेन्सच्या नाण्याने वाजवतो. नाण्याची कड दातेरी असते, त्यामुळे आघाताला एक वेगळी किरकिर येते आणि ती त्याला हवी असते. यांतल्या प्रत्येकाने तारेला काय लागणार हे ठरवून घेतलंय. आपल्याकडे तार छेडायला सरोदचा जवा नारळाच्या करवंटीचा आणि सतारीची मिजराब पोलादी तारेची. सरोदियाला 'जवा कसला बघताय, टोन बोटांत असतो' असं कुणी सांगत नाही. गिटारवाल्यालाच का सांगायचं?

आता त्या मुलीबद्दल, कारण तुमच्या प्रतिक्रियेत माझ्या मनाला खरं लागलं ते तेवढंच. तिचं नाव मी मुद्दाम लिहिलं नव्हतं, आताही लिहीत नाही. तिच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमाग चालतात. त्या खडखडाटात ती रियाज करते, तरी तिचे हळू आवाजातले स्वर दबत नाहीत. मी तिला ऐकलं त्या दिवशी गाण्यात तिने कॉर्ड पातळ पिकने वाजवल्या. मधला सोलो जवळ आला तसं तिने ते पिक ओठांत धरलं, गिटारवरच्या पिकगार्डच्या पट्टीखाली अडकवलेलं जांभळं, जाड पिक काढलं आणि पहिला स्वर नेकच्या अगदी कडेला वाजवला. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, "पातळनं ती तार वाजत नाही सर, फडफडती." हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. माझं कौतुक तिच्या या कानाचं होतं. तुम्ही म्हणता तो स्पीड त्या सोलोत शेवटी जेमतेम दोन ओळींपुरता आला. त्याआधी तिने एक अख्खी ओळ मोकळी सोडली होती, आणि या वयात मोकळी जागा सोडायला फार धीर लागतो.

जलद भागात तिची लय पुढे पळते, हेही त्याच लेखात लिहिलंय. अर्ध्या मिनिटाच्या रीलमुळे पोरं स्पीडच्या मागे लागतात, हा तुमचा राग मला समजतो आणि रास्त वाटतो. पण म्हणूनच, जी पोरगी तसं करत नाही तिला ते मोठ्याने सांगायला हवं. कौतुकाने पोरं बिघडतातच असं नाही. अमेरिकन जॅझ गिटारवादक ज्युलियन लाज आठ वर्षांचा असताना त्याच्यावर माहितीपट निघाला होता. आज लोक त्याला ऐकतात ते आधी त्याच्या टोनसाठी. नुसतं 'वा वा' करून सोडून दिलं तर पोर हवेत जातं, नेमकं काय चांगलं झालं ते सांगितलं तर पुढच्या वेळी तेच पक्कं करतं.

पुतण्याचं म्हणाल तर तीनच पिक घ्या: 0.60, 0.73 आणि 1.00 मिलिमीटर जाडीची. गुळगुळीत सेल्युलॉइड नको. एप्रिल-मेमध्ये आपल्या सोलापुरात बोटांना घाम सुटला की ते फिरतं. खरखरीत पृष्ठभागाचं घ्या. टोक बोटांबाहेर थोडंसंच ठेवायला सांगा. एकच चार ओळींचा तुकडा तिन्हींनी वाजवून मोबाईल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्ड करू दे, आणि कोणतं आवडलं ते त्यालाच ठरवू दे, तुम्ही सांगू नका.

रविवारी सकाळी जुळे सोलापुरात आम्ही काही जण गिटार घेऊन बसतो. त्याला घेऊन या. ती मुलगीही येते. तिची लय कुठे पळते ते तिला समोर बसून तुम्ही सांगा. ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या मधे बसून लय धरलेला हात तुमचा आहे, आमच्यापैकी कुणाचा नाही. ठिकाण मेलवर कळवतो.