सेरोटोनिनचा सिद्धांत कोसळला, म्हणून गोळ्या फेकायच्या?

तालमीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, कोल्हापुरात सध्या जिथे पाहावं तिथे एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: डिप्रेशन म्हणजे मेंदूत सेरोटोनिन हे रसायन कमी होणं, हा सिद्धांत २०२२ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी खोटा ठरवला, म्हणजे हा मेंदूचा आजारच नाही, कुठल्याच रिपोर्टमध्ये तो दिसत नाही, गोळ्या हा परदेशी कंपन्यांचा धंदा आहे आणि त्या एकदा लागल्या की सुटत नाहीत, शॉक देऊन मेंदू जाळतात, आपल्या आजोबा-पणजोबांना यातलं काही लागलं नाही, तेव्हा रंकाळ्याला रोज फेऱ्या मारा, प्राणायाम करा आणि गोळ्या आजच बंद करा.

माझं औषधांचं दुकान आहे. मेसेज वाचलेली माणसं माझ्या काउंटरवर येतात. "दादा, ह्या राहिलेल्या स्ट्रिपा परत घ्या की, आता बंदच केल्यात," असं सांगणाऱ्या ताईंना डॉक्टरांना विचारलं का म्हटलं, तर मान नकारार्थी हलली. म्हणून हे लिहितोय. मेसेजमधला पहिला मुद्दा बराचसा खरा आहे, आणि त्याच्या जोरावरच पुढचे सगळे खपून जातात.

सेरोटोनिनपासूनच सुरू करतो. जुलै २०२२ मध्ये 'मॉलिक्युलर सायकियाट्री' या नियतकालिकात युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांचा आढावा आला. डिप्रेशन सेरोटोनिनच्या कमतरतेमुळे होतं याला सुसंगत पुरावा सापडत नाही, हा त्याचा निष्कर्ष. तो मान्य करायला काहीच हरकत नाही. "डोक्यातलं केमिकल कमी झालंय, गोळीने भरून निघेल" ही गोष्ट फार सोपी करून सांगितलेली आहे, हे अनेक मनोविकारतज्ज्ञ आधीपासून म्हणत होते. तरी कंपन्यांच्या जाहिरातींनी ती रंगवली, आणि पाच मिनिटांच्या ओपीडीत डॉक्टरांनाही तीच सांगणं सोयीचं पडलं. ज्यांना वर्षानुवर्षं हेच सांगितलं गेलं त्यांना आज फसवल्यासारखं वाटत असेल, तर तो राग मला समजतो.

पण गोळ्यांनी गुण येतो की नाही, हे त्या आढाव्याने तपासलेलंच नव्हतं. आजार कशामुळे होतो हा एक प्रश्न, औषध लागू पडतं का हा दुसरा. ताप काही अंगातलं पॅरासिटामॉल कमी झाल्यामुळे येत नाही, तरी पॅरासिटामॉलने तो उतरतोच. दुसऱ्या प्रश्नाचं मोठं उत्तर २०१८ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलं होतं: २१ औषधं, ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण. एकवीसही औषधं प्रौढांमधल्या मध्यम ते तीव्र डिप्रेशनमध्ये, औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक माफक होता, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. प्रत्यक्षात मात्र सरासरीसारखा माणूस क्वचितच भेटतो. एकाला पहिल्याच गोळीने खूप आराम पडतो, दुसऱ्याला तिने काहीच होत नाही आणि औषध बदलावं लागतं.

मग सेरोटोनिन कमी नसताना ही औषधं करतात काय? सगळं चित्र अजून कोणाकडे नाही. इतकं माहीत आहे की गोळी काही तासांतच सेरोटोनिन परत शोषून घेणारी दारं अडवते, पण माणसाला बरं वाटायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. केवळ भरपाईचं काम असतं तर इतका वेळ लागला नसता. मधल्या काळात मज्जापेशींवरचे रिसेप्टर, म्हणजे रसायनांचे निरोप पकडणारे बिंदू, स्वतःला जुळवून घेतात, पेशींमधल्या जोडण्या बदलण्याची क्षमता वाढते, या दिशेने आज बराच पुरावा आहे. शिवाय केटामाइन या भुलीच्या औषधाचा मार्ग मुख्यतः ग्लुटामेट या वेगळ्याच रसायनातून जातो आणि त्याचा परिणाम कित्येकदा काही तासांत दिसतो. त्याचंच भावंड असलेल्या एस्केटामाइनच्या नाकात मारायच्या स्प्रेला अमेरिकेने २०१९ मध्ये मान्यता दिली. एक सिद्धांत पडला म्हणून मेंदूचा संबंधच संपला, असं कसं म्हणायचं?

"परदेशी कंपन्यांचा धंदा" या आरोपावर थोडं रेंगाळतो, कारण सेरोटोनिनच्या या गोष्टीचं मूळच आपल्या सर्पगंधा या औषधी वनस्पतीत आहे. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तीव्र मानसिक आजार आणि रक्तदाब या दोन्हींवर सर्पगंधा वापरल्याचं लिहिलं. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रक्तदाबावरचे तिचे परिणाम मांडले आणि जगाचं लक्ष वेधलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. रेसर्पिनने मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो हे १९५५ मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत दिसलं, आणि रक्तदाबासाठी ते घेणारे काही रुग्ण उदास होतात असंही लिहिलं गेलं. त्याच सुमारास क्षयाच्या रुग्णांना दिलेल्या इप्रोनियाझिडने त्यांची मनःस्थिती सुधारलेली दिसली, आणि ते अशा रसायनांचं विघटन रोखतं हे कळलं. ही दोन टोकं जोडून साठच्या दशकात तो सिद्धांत उभा राहिला. पुढे रेसर्पिनने डिप्रेशन येतं हा पुरावाही कच्चा निघाला. तर्क मांडला, तपासला, अपुरा निघाला. यात कट कुठे आहे? कंपन्यांनी त्यावर भरपूर पैसा केला हे खरं, पण भारतीय वैद्य आणि डॉक्टरांच्या निरीक्षणाशिवाय ही गोष्ट सुरूच झाली नसती.

"रिपोर्टमध्ये काही दिसत नाही." बरोबर, दिसत नाही. डिप्रेशनचं निदान करणारी रक्ततपासणी किंवा एमआरआय आज नाही, आणि कोणी स्कॅन काढून डिप्रेशन दाखवतो म्हणून पैसे मागत असेल तर त्याच्या नादी लागू नका. पण अर्धशिशीचा एमआरआयही बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, म्हणून डोकं दुखत नाही असं आपण कोणाला म्हणत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून स्किझोफ्रेनियात आनुवंशिकतेचा वाटा साधारण ८० टक्के आणि डिप्रेशनमध्ये ३५ ते ४० टक्के दिसतो. उरलेल्यात आयुष्य येतं. २०१९ च्या महापुरात शिरोळकडच्या, चिखली-आंबेवाडीच्या घरांत पाणी शिरलं, २०२१ ला परत तेच झालं. त्यानंतर झोप उडालेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत. दीर्घकाळ ताण राहिला की कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचं तंत्र बिघडतं आणि आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पसवर त्याचा परिणाम होतो. परिस्थितीने आलेला आजारही मेंदूतच घडतो.

याचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा पुरावा १९९२ चा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत ल्यूइस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी ओसीडीच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा हात धुणं, कुलूप तपासणं यात अडकलेल्या रुग्णांच्या मेंदूचे स्कॅन उपचाराआधी आणि नंतर काढले. काहींना फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनवरचीच गोळी दिली होती, काहींना फक्त वर्तनोपचार, गोळी एकही नाही. दोन्ही गटांत ज्यांना गुण आला त्यांच्या मेंदूतल्या कॉडेट नावाच्या भागाची वाढलेली क्रियाशीलता कमी झाली होती. म्हणजे समोर बसून केलेला उपचारही मेंदू बदलतो. "मनाचं आहे, मेंदूचं नाही" ही वाटणी तिथेच मोडते.

शॉकबद्दल, म्हणजे डोक्याला विजेचा झटका देऊन करायच्या उपचाराबद्दल (ईसीटी), थोडक्यात. १९३८ मध्ये रोममध्ये ही पद्धत सुरू झाली तेव्हा भूल नव्हती, झटक्यांनी हाडं मोडत, आणि तेच चित्र लोकांच्या मनात बसलंय. आज भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ती देणं २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९५ ने बेकायदा आहे. मेंदू जळत नाही. उपचाराच्या काळातल्या आठवणी मात्र पुसट होतात, काहींच्या जुन्या आठवणींतही कायमची पोकळी राहते, आणि हे संमती घेताना सांगायलाच हवं. अन्नपाणी सोडलेल्या किंवा जीव द्यायच्या काठावर असलेल्या रुग्णाला ती अनेकदा परत आणते.

आता "सुटत नाहीत". या एका वाक्यात दोन वेगळी औषधं एकत्र केलीत. अल्प्राझोलामसारख्या चिंतेच्या आणि झोपेच्या गोळ्यांची सवय खरंच लागते, कधी काही आठवड्यांतच. म्हणून त्या शेड्यूल एच-१ मध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, आणि विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये तीन वर्षं जपावी लागते. तरी "ती झोपेची बारकी गोळी द्या की" म्हणत रोज कोणीतरी येतं, आणि काही ठिकाणी ती दिली जाते. त्यावर मेसेज फिरला तर मी स्वतः पुढे पाठवीन.

डिप्रेशनच्या गोळ्यांचं तसं नाही. त्यांची तलफ येत नाही, नशा होत नाही. मात्र अचानक बंद केल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, झोपमोड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असे त्रास होतात. २०२४ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त आलेल्या एकत्रित विश्लेषणात गोळी थांबवणाऱ्यांपैकी साधारण ३१ टक्क्यांना, आणि दिखाऊ गोळी थांबवणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना असं काही ना काही जाणवलं. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनमध्ये हा त्रास जास्त. "बंद करताना काही होत नाही" असं ज्या रुग्णांना सांगितलं गेलं, त्यांच्यावर अन्याय झाला. वजन, मळमळ, लैंगिक इच्छा कमी होणं हेही खरं. आणि पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेत या औषधांच्या माहितीपत्रकावर २००४ मध्ये लहान आणि किशोरवयीन मुलांसाठी ठळक इशारा आला, आणि २००७ मध्ये तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांपर्यंत वाढवला गेला. त्या दिवसांत घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं.

रंकाळ्याच्या फेऱ्यांना माझा मनापासून पाठिंबा आहे. चालण्याचा, व्यायामाचा, योगासनांचा सौम्य आणि मध्यम डिप्रेशनमध्ये फायदा होतो, हे अभ्यासांतही दिसतं. पण ज्याला अंथरुणातून उठून तोंड धुणं जमत नाही त्याला "जरा बाहेर पड" म्हणणं त्याच्या दुःखात भर घालणं आहे. आजोबांच्या काळाचं म्हणाल, तर तेव्हा आजार होताच. माणसाला नरसोबाच्या वाडीला नेत, बाहेरचं आहे म्हणत, खोलीत कोंडून ठेवत, नाहीतर थेट रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता, आणि आजारानुसार त्यातल्या ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत लोकांना उपचार मिळत नव्हते. गरज नसताना गोळ्या लिहिणारेही आहेत, पण उपचाराविना राहणारे त्याहून कितीतरी जास्त आहेत.

राहिलं शेवटचं वाक्य, "आजच बंद करा." मेसेजमधलं सर्वांत घातक ते हेच. गोळी सोडायची इच्छा रास्त आहे आणि ती डॉक्टरांना ठणकावून सांगायचा हक्क तुम्हाला आहे. पण मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते, आणि शेवटचे टप्पे जास्त छोटे आणि सावकाश घ्यावे लागतात, कारण अगदी थोडी मात्राही सेरोटोनिनची बरीचशी दारं अडवून धरते. थेट शून्यावर आलात तर झटका तिथेच बसतो. ज्यांनी आधीच बंद केल्या त्यांनी राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊ नयेत; त्याच डॉक्टरांकडे किंवा कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाऊन कधी थांबवली ते सांगावं. काही दिवसांत सुरू झालेला त्रास बहुधा गोळी सुटल्याचा असतो, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परतलेली उदासी बहुधा आजाराची, आणि हा फरक डॉक्टरांनीच करायचा. बायपोलर आजारासाठी, म्हणजे उन्माद आणि उदासी आलटून पालटून येणाऱ्या आजारासाठी, लिथियम घेणाऱ्यांनी तर एक दिवसही स्वतःच्या मनाने थांबू नये, अचानक थांबवल्यावर उन्माद जोरात उलटतो. जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक चोवीस तास सुरू असतो, पैसे पडत नाहीत, आणि पलीकडे मराठीत बोलणारं माणूस मिळतं.