पेटी आवरू नका

घरातलं कुणी गेलं की महिन्याभरात त्यांची पेटी 'आवरायला' काढतात. फोटो एकीकडे, पत्रं दुसरीकडे, उरलेलं रद्दीत. माझा राग या आवरण्यावरच आहे.

आत्याच्या पेटीत एका पाकिटात तीन बेमेळ वस्तू निघाल्या: शाळेचं प्रगतिपुस्तक, वर्तमानपत्राचं कात्रण आणि नदीवरच्या पुलाचा फोटो. वेगवेगळ्या गठ्ठ्यांत गेल्या असत्या, तर एकीलाही अर्थ उरला नसता. एकत्र होत्या म्हणून तर प्रश्न पडला. एकाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत, हे फ्रान्सच्या अभिलेखागारांना, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्या सरकारी संस्थांना, १८४१ सालीच सांगितलं गेलं. कागदांचा मूळ क्रम मोडायचा नाही, हा नियमही पुढे त्याच्याच जोडीने रुजला. घरात मात्र आपण दुपारभरात सगळं उधळून मोकळे!

कात्रणात पुराने पूल खचल्याची बातमी होती, तारीख कापली गेलेली. उलटून पाहिलं तर मागे एका जाहिरातीचा तुकडा, त्यात साल होतं. प्रगतिपुस्तकातही तेच साल. पहिल्या सहामाहीत गणितात वर्गात पहिली, पुढचे रकाने कोरे.

फोटो घेऊन तिच्या गावी गेले. फोटोत पुलाचा एक खांब मागच्या मनोऱ्याला अर्धवट झाकतो. तो तसाच झाकलेला दिसेपर्यंत काठाने सरकत राहायचं, मग अशीच आणखी एक जोडी जुळवायची. दोन्ही जुळल्या की फोटो काढणाऱ्याची जागा सापडते. ती निघाली शाळेच्या पायऱ्यांवर. आत्याचं घर पलीकडच्या काठाला.

आमच्याकडे कायम सांगितलं गेलं, "तिला शिक्षणाची गोडीच नव्हती." पुलामुळेच शाळा सुटली, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही; घरच्यांना ते निमित्तही मिळालं असेल. पण गोडी नसलेली बाई प्रगतिपुस्तक जन्मभर जपत नाही. वंशावळीच्या ॲपमध्ये तिच्या नावापुढे जन्म, मृत्यू आणि 'अविवाहित' एवढंच आहे.

तेव्हा कुणाची पेटी हाती आली, तर काहीही हलवण्याआधी वरपासून तळापर्यंत मोबाइलवर फोटो काढा. फोटोमागे लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. चिकटपट्टी अजिबात नको, तिचा गोंद कागदात मुरून पिवळा पडतो. वर्तमानपत्राचा कागद शेजारच्या फोटोवर डाग पाडतो, मधे कोरा कागद सरकवा. आणि थोरल्यांना फोटो दाखवताना "हे कोण?" विचारून थांबू नका, "हा कुणी काढला असेल?" हेही विचारा.